आईची दुसरी टेप

विद्यार्थिनी वसतिगृह, खोली १४
६ मे १९९८

ती. दादास,
वुयेल्वाचा शि. सा. न. वि. वि.

माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. आईला कोणी पढवलं?

प्रबंधाचं तुला ठाऊक आहेच. आजोबांचं नाव मांझेझुलू. आपल्या भाषेत त्यात पाणीही आलं आणि आभाळही. त्या घरात सून म्हणून आल्यापासून रीतीप्रमाणे आईनं सासऱ्याच्या नावाबरोबर हे शब्दही तोंडातून काढले नाहीत. पाण्याला ती ‘गारवा’ म्हणते, आभाळाला ‘वरचं छप्पर’. शाळेत पहिल्या दिवशी मी बाईंकडे गारवा प्यायला मागितला होता आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला होता. आजोबांची, त्यांच्या भावांची, आत्यांची नावं टाळता टाळता आईनं घडवलेले असे एकशेबारा शब्द मी चार वर्षं बसून टेपवर गोळा केले.

आता बाहेरच्या परीक्षकांनी शेरा मारलाय की हे शब्द एकाच बाईचे, ती बाई उमेदवाराची सख्खी आई, तेव्हा मायलेकींनी घरी बसून रचले नसतील कशावरून? म्हणून समितीनं माझ्याच विभागातल्या लुंडीला टेपरेकॉर्डर देऊन गावी पाठवलं. तो काल परतला. त्या टेपवर आई खणखणीत ‘पाणी’ म्हणते. आभाळाला आभाळ. एकशेबारातला एक शब्द तिथं नाही! समितीपुढे मी चक्क खोटारडी ठरले.

लुंडीचा डोळा माझ्याच जागेवर आहे. जुलैपासून इथं शिकवायला एकच माणूस घेणार आहेत. त्यानं आईला काय सांगितलं? की वहिनींचा हात आहे ह्यात? चर्चमध्ये जायला लागल्यापासून त्यांना आईचं बोलणं अडाणीपणाचं वाटतं, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलंय. महिनाअखेरची मुदत मिळाली आहे. लुंडी पुन्हा येईल, त्याच्यासमोर आई नेहमीसारखी बोलू दे. नाहीतर प्रबंधही गेला आणि नोकरीही.

बाबांना नमस्कार. लोभ आहेच, पण खरं सांग.

तुझी,
वुयेल्वा


१४ मे १९९८

चि. वुयेल्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं. एवढी शिकलीस आणि पोलिसासारखी चौकशी करतेस! तुझ्या वहिनीनं त्या लुंडीसाठी वाफेचा पाव केला, कोंबडी कापली, आणि तिच्यावरच आळ? तिला पत्र दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर मलाच उपाशी झोपावं लागलं असतं.

लुंडी बिचारा सरळ वाटला. शहरात वाढलेला, शेळी बघूनसुद्धा दचकतो. त्यानं यंत्र लावलं, आई बोलली, तो गेला. शब्द हे की ते, मला त्यातलं काय कळतं? आईचं वय झालं, विसरली असेल. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. एक वर्ष उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. आणि इतक्यात इकडे यायची घाई करू नकोस, रस्ता फार खराब आहे.

इकडे सर्व ठीक. मका बरा आला आहे. कृपा असू द्यावी असं तुम्हा विद्वानांना लिहायचं असतं ना? ती असू दे.

तुझा दादा,
म्झुकिसी


१९ मे १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रस्ता खराब आहे म्हणून मी येऊ नये, असं तू आजवर कधी लिहिलं नव्हतंस. कुठेतरी नक्की पाणी मुरतंय.

तुझं पत्र आल्यावर मी लुंडीकडून टेप मागून आणली आणि शेवटपर्यंत ऐकली. शेवटी लांबून एका म्हाताऱ्या बाईची हाक ऐकू येते. ती आईला झोलेका म्हणते. दादा, आपल्या घरात आईला झोलेका कोण म्हणतं? लग्नाच्या दिवशी सासूनं तिचं नाव नोखाया ठेवलं आणि त्या अंगणात तेव्हापासून ती नोखायाच आहे. झोलेका ती फक्त माहेरी. आणि सासरच्यांची नावं न टाळता बाई मोकळी बोलते तीही फक्त बापाच्या अंगणात.

मी नको नको त्यांचा संशय घेतला. आता तुझा घेते. लुंडीला तू मामाच्या घरी नेलंस आणि हेच आमचं घर म्हणून सांगितलंस. त्याला काय कळणार अंगण कुणाचं! आई तिथं का आहे? किती दिवस आहे? बाबा कुठे आहेत?

उत्तर आलं नाही तर मी बसमध्ये बसले असं समज.

वुयेल्वा


२४ मे १९९८

चि. वुयेल्वा,
आशीर्वाद.

पकडलंस. आई एप्रिलपासून मामाकडे आहे. बाबांनी तिच्यावर काठी उचलली. पहिल्यांदा नव्हे. तू शिकायला गेलीस त्याच्या आधीपासून चालू आहे, तुझ्यापुढे ती बाही खाली ओढून बसायची. ह्या वेळी हात मोडला. तुझ्या वहिनीनं तिला उठवलं, पहाटेच्या गाडीत बसवलं आणि माहेरी पोचवलं. जिच्यावर तू आळ घेतलास तीच वहिनी.

तुला कळवायचं नाही, प्रबंध पुरा होईपर्यंत एक अक्षर नाही, अशी आईनं मला शपथ घातली होती. लुंडी येऊन उभा राहिला तेव्हा माझी तारांबळ उडाली. मला वाटलं, आई बोलली म्हणजे झालं, कुठल्या अंगणात बसून बोलली ह्यानं काय फरक पडतो. मी गाढव आहे.

पण समितीला ह्यातलं काही लिहू नकोस. ते खातरजमा करायला बाबांकडे माणूस पाठवतील. मामी आजारी म्हणून बायको तिकडे गेलीय, असं बाबा गावभर सांगतात. दोन्हीकडची वडीलधारी माणसं जूनमध्ये निवाड्याला बसणार आहेत. त्याआधी ‘बायको सोडून गेली’ असं चारचौघांत झालं, तर बाबा तिला ओढून आणायला निघतील.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, लुंडीला घरी बोलाव, मी येते. अडतीस वर्षं तसं बोलले, पोरीसाठी आणखी एक सकाळ बोलेन, त्यात काय मोठंसं. मामा रागानं उठून गेला. मी काय करू ते तूच सांग.

दादा


२८ मे १९९८

ती. आईस,
वुयेल्वाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मामाच्या पत्त्यावर टाकते आहे. दादा नव्हे, तूच वाच.

तू जाऊ नकोस. एका सकाळीसाठीही नाही. आज मी समितीला लिहून दिलं की पहिली टेप खरी आणि दुसरीही खरी, ह्याहून जास्त मी बोलणार नाही. ते तुझ्या शब्दांचं प्रकरण काढून टाकायला सांगतात. त्यावाचून प्रबंधात काही उरत नाही, म्हणून मी तो परत घेतला. जागा लुंडीला मिळेल. तो वाईट नाही. मला काही न विचारता त्यानं टेपची एक नक्कल करून दिली. वहिनींची मी वेगळं पत्र लिहून माफी मागितली आहे.

काल मी संतापून खूप रडले. प्रबंधासाठीही रडले, खोटं कशाला सांगू? मग ती नक्कल लावली. तुझा हात गळ्यात बांधलेला असणार, आणि तू लुंडीच्या कसल्याशा प्रश्नावर मोठ्यानं हसतेस. मी तुला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

वडीलधारी बसतील त्या दिवशी मी तिथं असेन. बाबांसमोर बसेन, तुझ्या बाजूला.

आई, चार वर्षं मी तुझ्यापुढे यंत्र ठेवून विचारत राहिले, ह्याला काय म्हणतेस, त्याला काय म्हणतेस. तुझ्या ओढलेल्या बाहीकडे मी एकदाही पाहिलं नाही.

कशी आहेस? सविस्तर लिही.

तुझी,
वुयेल्वा