मॉनिटरवर लाल येत नाही

५ ऑक्टो., रवि. दसरा

बाबांच्या स्कूटरबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा. आईनं सकाळीच तारा काढून सगळं पुसलं. झेंडूची माळ, मॉनिटरच्या चौकटीले कुंकवाचं बोट, स्पेसबारवर आपट्याचं पान. वरून अक्षता. मी म्हटलं, आई, हे काय अवजार आहे? म्हणते, "मंग तू दिवसभर कायच्यावर ठोकत राहते?"

संध्याकाळी मन्यानं तारा जोडल्या. बटन दाबलं. पडदा काळा. त्यात एक चौकोन इकडून तिकडे फिरून राहिला: चेक सिग्नल केबल. मन्या, माझा भाऊ, मराठी सगळं समजते पण इथल्या पोट्ट्यांसारखं बोलते हिंदीच. "दीदी, भगवान ने छुट्टी दे दी तुमको."

माझी गोष्ट आत आहे. कागदावर एक ओळ नाही. अन् नागपूरच्या संपादकांनी (सं.) दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांचा फर्मा कोजागिरीपर्यंत थांबवून ठेवलाय. माझ्यासाठी आजवर कोणी काही थांबवलं नव्हतं.

६, सोम.

तार काढून लावली. परत काढून लावली. डब्याची साइड उघडून रॅम काढली, खोडरबरानं घासली, बसवली. डिस्प्ले कार्डही तसंच. काही नाही.

पण चालू करताना ती धून वाजते. कॅप्स लॉकचा दिवा लागते. म्हणजे आत सगळं जागं आहे. आपल्याले दिसत नाही, एवढंच.

दुपारी कॉम्प्युटरच्या दुकानवाले भैया आले. लांबूनच पाहिलं. "बोर्ड गया मैडम. दुकान ले आओ, फॉर्मेट मार के दे देंगे।"
फॉर्मेट म्हणजे गोष्ट साफ. म्हटलं, नहीं भैया.
"अरे कहानी ही तो है, फिर लिख लेना।"
ते गेल्यावर आई कपबशी उचलत म्हणे, "याले उगाच आलं टाकून चहा दिला."

७, मंगळ.

नुसतं बसून जीव जात होता. शेवट लिहायचा राहिलाच होता. म्हटलं, दिसत नाही तर नाही, बोटं तर आहेत. फाइल कुठे आहे ते बोटांले पाठ आहे. विंडोजचं बटन, बाण, बाण, एन्टर. शेवटी जायचं. मग काळ्यावरच टाइप.

चुकू नये म्हणून प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणत होती. आई बाजूले बसून गवार मोडून राहिली होती. उरल्याच्या वस्तीतली बाई, मिलमध्ये नवरा, वाळत घातलेली चादर, सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ. पूर्ण गोष्टीत मी कुठेही पूर्णविराम दिला नाही. शेवटी बाई चादर झटकते आणि काळोख हवेत थांबतो

इतकं सुखानं कधीच लिहिलं नव्हतं. पडदा नाही, म्हणून मागे वळून खोडणंही नाही. सेव्ह केलं. केलं असावं.

आई मधेच, हळूच: "माझ्या पूजेनं झालं का गं हे?"
"काहीतरीच काय."
पण दसऱ्यापासून ती टेबलाजवळून पाय न वाजवता जाते.

८, बुध.

सकाळी गच्चीच्या दारातून ऊन थेट टेबलावर येते. मॉनिटरची तार परत काढली अन् या वेळी प्लगच्या तोंडात पाहिलं. पिनांच्या तीन ओळी. कडेच्या पिनांमधे काहीतरी लालसर.

अक्षत. कुंकवात भिजून वाळलेला तांदळाचा दाणा.

दसऱ्याले प्लग टेबलावर उताणा पडला होता, वाटीसारखा. दाणा नेमका त्यात पडला, मन्यानं तसाच ठोकून बसवला. अन् मी इकडे रॅम घासून राहिली.

आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागितली. दाणा निघाला. वाकलेल्या पिना सरळ केल्या, कोपऱ्यातली एक तुटली. लावलं. बटन.

आलं! सगळं आलं, फक्त लाल रंग नाही. पांढरं हिरवट-निळं दिसते, जसं कोणी पाण्याखाली ठेवलंय. आख्ख्या मशीनवर लाल म्हणजे चौकटीवरचं कुंकू.

फाइल उघडली. शेवट नव्हता. कालचं सगळं कुठे टाइप झालं कोणास ठाऊक.

आईनं टेबलावरचा दाणा पाहिला. "हा माझाच."
मन्या दारातून: "मम्मी, ज़ोर से मैंने लगाया था।"
आई पदर खोचून माझ्या बाजूले बसली. "लिही. मले आठवते."

आठवतच होतं! गवार मोडता मोडता सगळं ऐकलं होतं. "तिनं चादर झटकली."
मी म्हटलं, पुढे काळोख हवेत थांबतो, असं होतं.
"ते काळोख-गिळोख नाही आठवत. चादर झटकली अन् परत दोरीवर टाकली. काळी झाली तर झाली. उद्या धुईन."
"उद्या धुईन असं मी लिहिलंच नव्हतं."
"मंग? आपल्या गुढ़ियारी मोहल्ल्यात चादर काळी नाही होत काय? काय करतो आपण?"

तिनं सांगितलं तसं लिहिलं. पूर्णविरामासकट.

९, गुरु. कोजागिरी

प्रिंट निघाली. बाबा ऑफिसले जाताना पाकीट घेऊन गेले, नागपूरच्या गाडीवरच्या ओळखीच्या गार्डकाकांच्या हातात दिलं. त्यांनी म्हणे विचारलं, "काय आहे एवढं?" बाबा म्हणाले, "पोट्टीची गोष्ट." माझ्या लिहिण्याले बाबा पहिल्यांदा गोष्ट म्हणाले. एरवी "ते तुझं टायपिंग".

गच्चीवर दूध. मन्यानं माझ्या वाट्याचे बदाम खाल्ले. खाऊ दे.

१४, मंगळ.

सं.चा फोन. गोष्ट आवडली. पण शेवट "तुमचा वाटत नाही. अचानक इतका साधा. पूर्णविराम काहून आले? बदलून द्या, फर्मा अजून दोन दिवस थांबवतो, नाहीतर पुढच्या वर्षी पाहू." उद्या सांगते म्हटलं.

फाइल उघडून बसली आहे. कॉम्प्युटरले मराठी कळत नाही, म्हणून माझ्या प्रत्येक शब्दाखाली तो चूक दाखवणारी लाल नागमोडी रेघ ओढते. आता लाल येतच नाही. रेघा काळ्या दिसतात. आईच्या ओळींखाली तर अशा दिसून राहिल्या, जशा कोणाले आवडल्या म्हणून अधोरेखित केल्या.

स्वयंपाकघरातून आई: "काय म्हणे तो नागपूरवाला?"
"गोष्ट आवडली म्हणे."
"अन् चादर?"

म्हटलं, तो उद्या सांगतो म्हणे. मन्या मॉनिटरची नवी तार आणायले निघाला होता. त्याले म्हटलं, आज राहू दे, लाल नको.