डाव्या बाजूचा स्क्रीन

आई, मी तीन स्क्रीन विकत आणले आहेत. तू असतीस तर दारातच कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "घरात बाई एकटी, आन् तीन तीन टीव्ही कशाला गं?" टीव्ही नव्हेत ते. मॉनिटर म्हणतात, कॉम्प्युटरला जोडायचे. घरात बसून विमान चालवता येतं त्यावर. खेळच तो, पण त्यात खरे डोंगर आहेत, खऱ्या नद्या आहेत, खरी विमानतळं आहेत आणि त्यात बेळगावजवळचं आपलं सांबरंही आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्याबरोबरच्या बायका योगाच्या वर्गाला जायला लागल्या, मुलांकडे पुण्या-बंगळूरला राहायला गेल्या. मी विमान चालवायला बसले. शेजारणीला वाटतं, माझं डोकं जरा फिरलंय. तिला मी एकदा मधल्या स्क्रीनसमोर बसवलं, तर विमान वळल्याबरोबर तिने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि नंतर दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाही.

स्क्रीन घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या पोराने विचारलं, "काकू, नातवाला पाहिजे काय?" मी म्हटलं, नातू नाही, मलाच पाहिजे. मग तो जरा सावरून उभा राहिला. त्याचं म्हणणं पडलं, "एकच मोठा घ्या की काकू, पंचावन्न इंची. भिंतीला मस्त बसतोय. लांबनं बघायचं, डोळ्यालाबी बरं." पण मी वाचून गेले होते, आणि आयुष्यभर पोरांना गणित शिकवलेली बाई मी. मोठा स्क्रीन लांब ठेवला की डोळ्याला तो तेवढाच भरतो, जेवढा लहान स्क्रीन जवळ ठेवल्यावर भरतो. इंच मोजून काही होत नाही. आपण बसतो तिथून जगाचा केवढा तुकडा दिसतो, तेवढंच मोजायचं असतं. मग त्याने एक लांबडा, वाकवलेला स्क्रीन दाखवला. तो खरंच सुरेख होता. समोर बसले, धावपट्टी झकास दिसत होती. पण डावीकडे मान वळवली तर तिथे विमानाचा पंख नव्हता, दुकानातली मिक्सरची खोकी होती. पोरगा म्हणाला, "बटण दाबलं की डावीकडचं समोरच येतंय की." येतं खरं, पण मग समोरचं जातं. मी म्हटलं, मला मान वळवूनच बघायचंय. तो म्हणाला, "व्हय व्हय, उतरायच्या आधी वळताना धावपट्टी बाजूला दिसाय पाहिजे, बरोबर हाय तुमचं." मी मान डोलावली आणि सत्तावीस इंची तीन घेतले.

ते मांडताना जी तारांबळ उडाली ती विचारू नकोस. टेबल पुरेना, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना स्टुलं लावली. मधला स्क्रीन समोर, हात लांब केला की बोटं टेकतील एवढ्यावर. बाजूचे दोन जरा आत ओढलेले, अर्धवट उघडलेल्या कपाटाच्या दारांसारखे. पहिल्या दिवशी मी फार खाली बसले होते, म्हणून पुढचे सगळे काटे आणि घड्याळंच दिसली, बाहेरचं काही नाही. खुर्चीवर उशी घातली तेव्हा जमीन दिसली. मग बाजूच्या स्क्रीनवरचं क्षितिज मधल्याशी जुळेना, मधे सपाट तर कडेला चढ. शिवणाची टेप घेऊन डोळ्यांपासूनचं अंतर मोजलं, ते कॉम्प्युटरला सांगितलं, तेव्हा कुठे पृथ्वी सरळ झाली. दोन स्क्रीनच्या मधे चौकटींच्या काळ्या पट्ट्या येतात. त्या फार खुपतील, असं पोरगा म्हणाला होता. मला नाही खुपल्या. तारेच्या कुंपणातून विमान बघितलेल्या बाईला चौकटीचं काय एवढं.

ते कुंपण तुला आठवत असेलच. आपण तेव्हा निपाणीला होतो. तू उंबऱ्याजवळच्या उजेडात बसलेली असायचीस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. कात्रीने पान कापायचं, चिमटीने तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मान वर करायला तुला फुरसत नसायची, कारण मान वर झाली की बिडी सैल व्हायची आणि सैल बिडी कारखान्यात छाट म्हणून बाजूला पडायची. कधीतरी वरून विमान जायचं. गल्लीतली सगळी पोरं ओरडत बाहेर पळायची, त्यांत मी पहिली. आत येऊन मी सांगायची, आई, असं गेलं, तसं गेलं, एवढंसं दिसलं. तू सुपातच बघत म्हणायचीस, "ऐकलं की मी." मी एकदा तुझा हातच धरून ओढला, चल ना बघायला म्हणून, आणि सूप उपडं झालं. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "इमान बघून प्वाट भरतंय व्हय गं?" एवढंच बोललीस, आणि मातीतली तंबाखू वेचत बसलीस. मी रडले नाही, पण त्या दिवशी तुझ्याशी बोललेही नाही. आता वाटतं, तो धपाटा तुलाच जास्त लागला असावा. कारण पुढे मावशीचं बाळ बघायला आपण बेळगावला गेलो, तेव्हा परत यायच्या दिवशी तू काही न सांगता मला सांबऱ्याच्या बसमध्ये बसवलंस.

तू डोक्यावरून पदर घेऊन खिडकीशी बसली आहेस. कंडक्टर कन्नडमध्ये काहीतरी विचारतो, तू बाजारापुरत्या येणाऱ्या कन्नडमध्ये उत्तर देतेस, आणि तो हसतो. आपण उतरतो तिथे एका बाजूला कुंपण, त्यापलीकडे नुसतं गवत आणि लांब एक बैठी इमारत. दुसऱ्या बाजूला रस्ता, आणि रस्त्यापलीकडे घरं. बैल घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला तू विचारतेस, "आप्पा, इमान कवा येतंय?" तो म्हणतो, "येतंय दुपारच्याला. एकांद्या दिवशी येतंय बी न्हाय." आपण कुंपणाशी बसतो. ऊन चढतं. मावशीने दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन माझ्या तोंडाला आग लागते आणि मी पाणी पाणी करायला लागते. तू उरलेली भाकरी फडक्यात बांधतेस, रिकामा डबा हातात घेतेस. मी तुझ्यामागून यायला उठते तर तू अशी वळतेस, की मी जागच्या जागी बसते. "हितंच बस. इमान आलं तर तू तरी बघ." आणि तू रस्ता ओलांडून जातेस.

तू गेलीस ती लवकर आलीच नाहीस, आणि विमान मात्र आलं. आधी आवाज, मग शहराच्या अंगाला एक ठिपका, मग पंख, मग पोटाखालची चाकं. मी दोन्ही हातांनी तार धरून उभी होते. ते माझ्या समोरून उतरलं, मागची चाकं आधी टेकली, मग नाक खाली आलं, थोडी धूळ उडाली आणि ते इमारतीच्या मागे निघून गेलं. मी मागे वळून तुला हाका मारल्या. तू बऱ्याच वेळाने दिसलीस, रस्त्याने पार लांबून, डबा दोन्ही हातांत सांभाळत, घाईघाईने. पाण्याला चटणीचा वास येत होता. मी घटाघटा प्यायले. "कुटं गेलतीस गं एवढा वेळ?" असं मी रागाने विचारलं. "हिर लांब हुती," तू म्हणालीस, आणि पदराने माझं तोंड पुसलंस. मग परतीच्या बसची वेळ झाली.

बसमध्ये तू मला दोन-तीनदा विचारलंस, कसं आलं, कसं उतरलं, आवाज कसा हुता. मी हात पसरून सगळं सांगितलं. निपाणीला पोचल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या तेव्हा मात्र सांगणारी तू होतीस. "आदी आवाज आला बघा, लई मोटा. मग ठिपक्यावानी दिसाय लागलं." माझेच शब्द, माझ्यासारखेच हात पसरून. मला वाटलं, तू रस्त्याच्या पलीकडून बघितलं असशील. पुढे कित्येक वर्षं, विमान गेलं की तू सुपातून मान वर न करता शेजारणींना सांगायचीस, "आमी जवळनं बघितलंय, सांबऱ्याला." मला फार अभिमान वाटायचा.

मग मी शिकले, बेळगावला शाळेत लागले, तुला घेऊन आले. तोवर गल्लीगल्लीत टीव्ही आले होते आणि आपणही एक घेतला, काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, सरकत्या दाराचा. तू अगदी त्याच्या पुढ्यात जाऊन बसायचीस. मी मास्तरीण झालेली, मी ओरडायची, "आई, मागं सर, डोळे जातील." तू वीतभर मागे सरकायचीस आणि माझी पाठ वळली की पुन्हा पुढे. एकदा बातम्यांत कुणीतरी मोठा पाहुणा येत होता आणि विमान उतरताना दाखवलं. तू पुढे वाकलीस, बोट जवळजवळ काचेला लागलं, आणि एखाद्या लहान मुलीसारखं म्हणालीस, "अगं बया, असं उतरतंय व्हय! मागली चाकं आदी!" मग मी न सांगताच वीतभर मागे सरकलीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. मीही वह्या तपासायच्या असल्यासारखी मान खाली घातली.

त्यानंतर एकदा शाळेच्या कामाने सांबऱ्याला गेले होते, तेव्हा मुद्दाम त्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले. विहीर लांब नव्हती, आई. रस्त्यापलीकडच्या पहिल्याच घराच्या अंगणात होती, जुनी, दगडी, रहाटाची. मी तिथे उभी राहिले आणि मला सगळं कळलं. आपण बौद्ध झालो होतो, आपल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. पण परगावात पाणी मागितलं, की पाण्याआधी प्रश्न यायचा, कुठल्या, कुणापैकी. तू खोटं सांगणारी नव्हतीस. त्या अंगणातून तुला पुढे पाठवलं असणार, पुढच्यातूनही. शेवटी आपल्या लोकांची वस्ती शोधत तू गावाच्या पार टोकाला गेली असशील, आणि तुझ्या पाठीमागे विमान उतरलं. मला सोबत का नेलं नाहीस तेही तेव्हा कळलं. मला त्या दारात उभं करायचं नव्हतं तुला. तू मला कुंपणाशी ठेवलंस, विमानाकडे तोंड करून.

घरी आल्यावर मी तुला म्हटलं, दिवाळीच्या सुटीत आपण विमानाने जाऊ, मुंबईपर्यंत का होईना. तू हसलीस. "मला काय करायचंय गं म्हातारीला इमान." पण रात्री भाकरी थापताना हळूच विचारलंस, "खिडकी मिळती व्हय?" मी म्हटलं, मिळते, तुलाच देईन. ती दिवाळी आली तेव्हा सांबऱ्याचं विमान बंद पडलं होतं. तेव्हा ते कधी सुरू असायचं, कधी बंद. मी म्हटलं, सुरू झालं की जाऊ. बिड्यांच्या तंबाखूने तुझी छाती आधीच पोखरली होती, ते मला उशिरा कळलं. पुढच्या दिवाळीला तू नव्हतीस. त्यानंतर मी कितीतरी वेळा विमानात बसले, आणि प्रत्येक वेळी खिडकीची जागा मिळाली की मला वाईटच वाटलं. अजून वाटतं. तुला एकदा, एकदाच, त्या खिडकीत बसवायला हवं होतं.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुला वाचता येत नव्हतं, आणि मी शिकवते म्हटलं की तू म्हणायचीस, "आता कशाला, तू हाईस की वाचाय." तेव्हा हे मी वाचूनच दाखवीन, या तीन स्क्रीनसमोर बसून. फक्त एक गोष्ट राहिली. दुकानातल्या पोराला मी मान डोलावली ती खोटी होती. वळताना धावपट्टी दिसावी म्हणून मी बाजूचे स्क्रीन घेतले नाहीत. शहराकडून सांबऱ्यावर उतरायला लागलं, की मला डावीकडे तो रस्ता दिसतो आणि त्यापलीकडची घरं दिसतात. खेळ बनवणाऱ्यांनी घरं जेमतेम काढलीत, नुसती खोकी, आणि माणसं तर काढलेलीच नाहीत. उतरताना नजर समोर धावपट्टीवर ठेवायची असते, हे मला आता चांगलं ठाऊक आहे. तरी माझं विमान रोज वाकडंच टेकतं, कारण नेमकं त्या वेळी मी डावीकडे बघत असते, तू डबा घेऊन येताना दिसतेस का म्हणून.