झांगिरच्या थोरल्या भावाकडून

तीर्थरूप आपा,

पोर्टातल्या क्रेनवरचा तुमचा थोरला, ओरकेन, आई म्हणून तुम्हाला आणि बाप म्हणून अकेंना लवून सलाम करतो. आधी गुरांची खुशाली विचारतो आणि मग माणसांची, नाहीतर अके म्हणतील, समुद्रकाठी राहायला गेला आणि पोरगा आईबापांची रीत विसरला. काळी उंटीण व्याली का? बकऱ्यांचे खूर बरे झाले का? तुमचं डोकं चढायचं थांबलं का, आणि अकेंचे गुडघे पाऊस यायच्या आधी दुखतात की नंतर? आम्ही तिघं इकडे खुशाल आहोत (मुळीच नाही, पण पत्रात तसंच लिहायचं असतं).

इथेच एक सांगून ठेवतो. अकेंचा चष्मा घोड्याच्या पायाखाली गेल्यामुळे हे पत्र तुम्हीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार. तेव्हा कंसात जे असेल ते गाळून वाचा. कंस फक्त तुमच्यासाठी आहेत. (वरचा कंस वाचून झाला असेल, तर शाई सांडली होती म्हणा.) फोनवरच बोललो असतो, पण तुम्ही रेंजसाठी टेकडीवर चढणार, तिथे वारा, तुम्ही विचारणार एक, मी ऐकणार दुसरं, आणि शेवटी दोघंही 'बरं बरं' म्हणून ठेवून देणार. शिवाय काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात.

तुम्ही झांगिरला पंधरा दिवसांसाठी पाठवलंत त्याला आज अकरा दिवस झाले. पोराने एकदा समुद्र बघावा, खाऱ्या हवेने नाक मोकळं व्हावं, एवढाच हेतू, तो मला पाठ आहे. पहिलं नातवंड आजीआजोबांचं, ही आपली रीत, आणि रीतीबद्दल माझी काही तक्रार नाही. दहा महिन्यांचा असताना तो तुमच्याकडे आला, आता सव्वातीन वर्षांचा आहे, जीभ तुमच्या घरात सुटली. तेव्हा तो तुम्हाला आपा म्हणतो आणि बाबांना अके. अडचण एवढीच की मीही तुम्हाला आपा आणि अकेच म्हणतो. झांगिरने आल्या आल्या ही गोष्ट हेरली, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि मला थोरला भाऊ करून टाकलं. तुमची सून त्याची वहिनी. तो मला नावाने हाक मारतो, 'ओरकेन, पाणी दे.' मी देतो. काय करणार, लहान भावाला पाणी द्यायलाच हवं.

पहिल्या दिवशी तो आपली पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसला. विचारलं, कुठे निघालास? म्हणाला, 'मी पाहुणा. गाडी येईल.' गोधडी गावी राहिली होती, तुम्ही शिवलेली ती तुकड्यातुकड्यांची, आणि तिच्याशिवाय त्याला झोप नाही. मी चादर दिली, सतरंजी दिली, माझा कामावरचा कोट दिला. प्रत्येक वस्तूचा त्याने वास घेतला आणि परत केली. शहरातलं दूध तोंडाला लावलं आणि मोठ्या माणसासारखं विचारलं, 'हिचं नाव काय?' म्हणजे उंटिणीचं. पिशवीवर गाईचं चित्र होतं. (आपा, त्याला कसं उचलायचं हे मला येत नव्हतं. तुमच्यासमोर आणि अकेंसमोर आपलं पोर कडेवर घेणं हा बेशरमपणा, म्हणून मी कधी घेतलं नाही, आणि इथे होता तेव्हा तान्हा होता, आईच्याच कुशीत. पहिल्यांदा उचलला तो कलिंगड उचलतात तसा. त्याने खाली बघून विचारलं, 'पाडशील का?' मी म्हटलं, नाही बहुतेक.)

मग समुद्र. इथलं पाणी तुम्हाला ठाऊक नाही. काल कोमट असलं तर आज वारा फिरला म्हणून बर्फ. पण त्याआधी एक गोष्ट अकेंना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवा. अकेंचं नाव तेंगिझबाय, समुद्रावरून ठेवलेलं, आणि सासऱ्याचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही. तुमची सून इथे चार वर्षं समुद्राच्या काठावर राहते पण समुद्राला एकदाही समुद्र म्हणालेली नाही. 'मोठं पाणी' म्हणते. शेजारणी तिला वाळवंटातली समजतात. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाही. तर मोठ्या पाण्याशी आम्ही झांगिरला नेलं. लाट अंगावर येताना बघून तो घाबरेल म्हणून मी मागे तयार उभा. त्याने हात वर केला आणि अके उंटाला बसवताना ओरडतात तसा ओरडला, 'श्योक! श्योक!' लाट आली आणि त्याच्या पायाशी खाली बसली. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. पुढचा पाऊण तास त्याने एकेक लाट बसवली, आणि एखादी उशिरा बसली तर तिला अकेंच्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या. आजूबाजूच्या बायकांनी आपापली मुलं लांब नेली.

आता परवाचा प्रकार, ज्यासाठी हे पत्र. तुमच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्यापेक्षा माझ्याकडून गेलेला बरा. मी मक्याची कणसं आणायला गेलो होतो. रांग लांब. तेवढ्यात झांगिरला घरची आठवण झाली. तो उठला आणि छत्रीखाली बसलेल्या, डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या एका आजीबाईंसमोर जाऊन उभा राहिला. 'मला आपाकडे ने.' आजीबाई म्हणाल्या, आई कुठंय तुझी? 'गावात.' आणि बाप? 'गावात. उंटाला शिव्या देतोय.' मग इथे कुणाबरोबर आलास रे? त्याने तुमच्या सुनेकडे बोट दाखवलं, 'ती वहिनी. ती रोज अंघोळ घालते.' हे त्याने अशा आवाजात सांगितलं की आजीबाईंनी जीवरक्षकाला बोलावलं. जीवरक्षक म्हणजे एक गळ्यात शिटी घातलेला, टोपीवाला धिप्पाड माणूस. त्याने तुमच्या सुनेला सरळ विचारलं, बाई, हा मुलगा तुमचा का?

आता तुम्हीच सांगा आपा, तिने काय म्हणावं? समोर पांढऱ्या फडक्याची म्हातारी बसलेली. मोठ्यांसमोर 'माझा मुलगा' म्हणायचं नाही, असं तुम्हीच शिकवलेलं. ती खाली मान घालून म्हणाली, 'सासूबाईंचा.'

जीवरक्षक म्हणाला, आणि तुमच्या सासऱ्यांचं नाव? फोन लावून विचारतो. नाव तर घेता येत नाही. शेवटी तिने हात लांब केला आणि नावाचा अर्थ समजावा म्हणून समुद्राकडे बोट दाखवलं.

जीवरक्षकाने टोपी काढली. आजीबाईंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवून दुवा म्हटली आणि लगेच रडायला लागल्या. तुमची सून गोंधळून, समोर कुणी रडत असेल तर रडावं म्हणून रडायला लागली. मी तीन कणसं घेऊन आलो तर लोक जमलेले, आजीबाई मला मिठी मारून म्हणतात, 'धीर धर बाळा, समुद्राने नेलं त्याला कोण काय करणार? बाप तो बापच.' आपा, मला वाटलं गावाहून निरोप आला. मी कणसं टाकली आणि वाळूत बसून हंबरडा फोडला. (अकेंना हे वाचताना सांगा की ते शंभर वर्षं जगणार आहेत, मी त्यांच्या नावाने मन मोकळं करून रडलेलो आहे, आता पुढचं संकट टळलं.) पाचेक मिनिटांनी तुमच्या सुनेच्या लक्षात आलं की आपण नेमकं कुणासाठी रडतोय हे कुणालाच माहीत नाही. तिने माझ्या कानात सांगितलं, मी आजीबाईंना सांगितलं, आजीबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, मग इतका वेळ माझं रडणं वाया घालवलंत?

पण जीवरक्षकाचं समाधान होईना. त्याने झांगिरलाच विचारलं, हा कोण? 'ओरकेन.' ओरकेन म्हणजे कोण? 'भाऊ.' मी म्हटलं, साहेब, मी बाप आहे. झांगिर म्हणाला, 'नाही.' मी म्हटलं, खरंच आहे. झांगिरने जीवरक्षकाला समजावलं, 'हा माझ्या आपाला आपा म्हणतो.' जीवरक्षक म्हणाला, कागद दाखवा. कागद घरी. त्याने दुसऱ्या माणसाला बोलवायला जोरात शिटी फुंकली, आणि त्या आवाजाने झांगिर दचकला. असा दचकला की चेहरा पांढरा पडला. तो आजीबाईंकडे गेला नाही, माझ्याकडे आला नाही. धावत जाऊन त्याने तुमच्या सुनेच्या झग्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. 'वहिनी, उचल. वहिनी, उचल.' तिने उचललं. त्याने तोंड तिच्या मानेत खुपसलं ते वर काढलंच नाही.

मग जीवरक्षक टोपी घालून म्हणाला, जा घरी, मी कागद बघितले. (घर अर्ध्या तासावर आहे. तुमच्या सुनेने, झादिराने, त्याला वाटेत एकदाही खाली ठेवलं नाही, मला देऊही केलं नाही. घरी आल्यावर तो झोपला, तिचा रुमाल नाकाला लावून. ती मोरीत गेली आणि एकच कढई कितीतरी वेळ घासत राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, करपली होती. आम्ही त्या दिवशी काही शिजवलंच नव्हतं.)

(आपा, हा शेवटचा कंस. मी स्वतः आठ वर्षांचा होईपर्यंत थोरल्या आजीकडे होतो आणि तुम्हाला वहिनी म्हणायचो. शाळेसाठी मला तुमच्या घरी आणलं, तेव्हा पहिल्याच दुपारी मी म्हणालो, 'वहिनी, तहान लागली.' तुम्ही वाडग्यात ताक दिलंत आणि बकऱ्यांना पाणी पाजून येते म्हणून बाहेर गेलात. बकऱ्या तेव्हा डोंगरावर चरायला गेलेल्या होत्या. हे मला वीस वर्षांनी, परवा, त्या कढईचा आवाज ऐकताना कळलं. फार वाईट वाटलं. मंद डोक्याचा मुलगा आहे, माफ करा.)

तर सगळं ठरल्याप्रमाणे. शुक्रवारी अके गाडी घेऊन आले की झांगिरला अंघोळ घालून, पिशवी भरून तयार ठेवतो. भावजींना, काकांना, काळ्या उंटिणीला सलाम.

तुमचा आज्ञाधारक मुलगा,
ओरकेन

ता.क. शुक्रवारी फार वारा सुटणार आहे असं ऐकतो. रस्त्यावर वाळू येते. पुढच्या शुक्रवारी निघालात तर बरं.

ता.क. पुढच्या शुक्रवारीही वारा असेल. इथे वारा नेहमीच असतो.

ता.क. हे कंसाबाहेर लिहितो आहे, अकेंनाही ऐकू द्या. झांगिरला आमच्याकडे राहू द्या. रीत मोडतोय हे मला कळतं. तुमचं घर किती सुनं होईल तेही कळतं, आणि लाज वाटते. मागे कायमचे राहायला या असं म्हणत होतो तेच आताही म्हणतो, दोन खोल्या आहेत, एक तुमची. तो मला भाऊ म्हणू दे, माझी हरकत नाही. झादिराला मी हे लिहितोय ते माहीत नाही. तिने तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, आताही मागणार नाही. याल तेव्हा त्याची गोधडी घेऊन या. आणि अके हिवाळ्यासाठी त्याचे लोकरीचे बूट करत होते तेही.

ता.क. पत्र घडी करायला तुमच्या सुनेकडे दिलं होतं. वाचून परत दिलं. खालची ओळ तिच्या हातची आहे.

आपा, अकेंना सांगा, बूट एक माप मोठे करा म्हणावं. दोन हिवाळे चालतील.