यादीतला आकडा

फ्रीगंज, उज्जैन
८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. जयूताईस, शैलेंद्रचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. माझा मोबाइल कॉलेजच्या चौकशी समितीने जमा करून घेतलाय, आणि घरच्या फोनवर आईचा कान असतो, म्हणून टपालाने लिहितो.

ताई, मला सस्पेंड केलंय. परीक्षा शाखेच्या फोल्डरमधून गणिताचा पेपर कुणीतरी उतरवून घेतला. स्टाफच्या वायफायला पासवर्ड नाही, फक्त यादीतल्या मशिनी चालतात, आणि पेपर उतरवणाऱ्या मशिनीचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे तिचा ओळखीचा आकडा, यादीत माझ्या नावापुढे आहे. ती यादी लॅब असिस्टंट म्हणून मीच ठेवतो, म्हणजे बघ. शपथेवर सांगतो, मी पेपर पाहिलासुद्धा नाही. चोवीस तारखेला सुनावणी आहे, तिथे नोकरी राहील नाहीतर जाईल. आईबाबांना सांगायची हिंमत होत नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि टावर चौकात बसून खातो. तू कॉम्प्युटर शिकवतेस, काही सुचतं का?

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.
तुझा शैलेंद्र


नागपूर
१२ नोव्हेंबर २०२५

चि. शैलेंद्रास अ. उ. आ.

तू आणि पेपरफोडी! दहावीत शेजारच्याने स्वतःहून दाखवलेलं उत्तर न बघणारा बावळट तू.

आता नीट ऐक. मॅक अ‍ॅड्रेस माणसाचा नसतो आणि अख्ख्या कॉम्प्युटरचाही नसतो. नेटवर्कला जोडणाऱ्या भागाला कारखान्यातच तो मिळतो. वायफायचा वेगळा, वायरचा वेगळा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघड, 'आयपीकॉन्फिग' लिही, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ऑल'. 'फिजिकल अ‍ॅड्रेस' पुढे दोन-दोनच्या जोडीने बारा आकडे-अक्षरं येतील. ती समितीच्या कागदाशी ताडून बघ. जुळली नाहीत तर तो आकडा कोणत्या वस्तूचा ते शोध. आणि ती वस्तू कुणाच्या हातात आहे तेही.

आईला सांगून टाक, ती तुझ्यापेक्षा खंबीर आहे. इशिताला तुमच्या कॉलेजच्या होस्टेलवर भेटत जा. माझ्या लेकीला त्या गावात मामाच हक्काचा.

लोभ आहे तसाच आहे, टेन्शन घेऊ नकोस.
तुझी जयूताई


फ्रीगंज, उज्जैन
१७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. जयूताईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. लॅपटॉपचे दोन्ही आकडे वेगळे निघाले. मला तर पेढे वाटावेसे वाटले. मग घरी असलेलं यादीचं जुनं रजिस्टर काढलं. समितीकडचा आकडा माझ्या वायफायच्या डोंगलचा, त्या यूएसबीत खोचायच्या छोट्या पट्टीचा आहे. मागच्या लॅपटॉपचं वायफाय बिघडलं होतं तेव्हा मी ती लावायचो. नवा घेतल्यावर यादीतून तिचा आकडा काढायला विसरलो.

डोंगल आता कुठे आहे आठवत नाही. पडली असेल कुठेतरी. गडबड माझी आहे, तेव्हा निस्तरायचीही मीच. राजीनामा लिहून ठेवलाय, येत्या सोमवारी सुनावणीतच देऊन मोकळा होतो. ट्यूशन घेईन, पोट भरेल. इशिताची परीक्षा तोंडावर आहे, तिच्याकडे हा विषय काढू नकोस, एवढं माझं ऐक.

लोभ कमी करू नकोस.
तुझा शैलेंद्र


नागपूर
२० नोव्हेंबर २०२५

चि. शैलेंद्रास अ. उ. आ.

तुला खोटं बोलता येत नाही रे. राखीपौर्णिमेला मी तिकडे आले होते, होस्टेलचं वायफाय चालत नाही म्हणून इशी रडली, तेव्हा तू ती डोंगल माझ्यासमोर तिच्या हातात ठेवलीस. मीच म्हटलं होतं, घे गं, मामाची आहे.

काल तिला फोन केला. आधी नाहीच म्हणाली, मग रडली. डोंगल लावल्यावर स्टाफचं वायफाय आपोआप सुरू झालं, फोल्डर उघडाच दिसला, पेपर उतरवून घेतला, म्हणाली. मामाला सस्पेंड केलंय हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग गप्प का बसलीस विचारलं, तर म्हणाली, मामा सांभाळून घेईल. मी फोन ठेवला.

राजीनामा फाड. मी रविवारी येते. सोमवारी ती डोंगल घेऊन इशिता समितीपुढे उभी राहील, मी तिच्या शेजारी. तिचं वर्ष जाईल, कदाचित कॉलेजही जाईल. पोटची पोर आहे, आतडं तुटतंय माझं. पण तुझ्या नोकरीवर तिला पास व्हायला मी शिकवलेलं नाही.

तू मात्र त्या दिवशी तिच्याकडे बघू नकोस. तुझा चेहरा पाहिला की ती पुन्हा गप्प बसेल.

लोभ मागण्याचं तोंड आज मला नाही, तरी मागते.
तुझी जयूताई