बाराव्या सहीबद्दल

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हा कार्यालय.

विषय : नगर पंचायत कोसमडीहच्या अध्यक्षांना परत बोलावण्याच्या मागणीपत्रावरील बारावी सही माझी नसल्याबाबत, व ती मला स्वतः करू देण्याबाबत.

संदर्भ : सह्यांच्या पडताळणीसाठी गुरुवारी सकाळी अकरा वाजता हजर राहण्याची आपली नोटीस.

सोबत : मुलीच्या जन्माचा रुग्णालयाचा कागद, तिचे लसीकरण कार्ड (मूळ).

महोदय,

मी खेमेश्वरी टिकेश्वर देवांगन, वॉर्ड क्र. ९ ची निवडून आलेली नगरसेविका, लाज वाटत असतानाही पुढीलप्रमाणे लिहून देते. मुलगी झोपली की लिहिते, उठली की थांबते. म्हणून शाई दोन रंगांची झाली आहे, क्षमा असावी.

१. आमच्याकडे पंधरा नगरसेवक आहेत. अध्यक्ष श्री. पुनाराम चंद्राकर यांना परत बोलावण्यासाठी त्यातल्या बाराजणांच्या सह्या लागतात. त्या झाल्या तर जनता मत देते. मतपत्रिकेवर एक भरलेली आणि एक रिकामी खुर्ची छापलेली असते. रिकामीवर जास्त शिक्के पडले की अध्यक्ष घरी. आपल्याकडे बरोबर बारा सह्या पोहोचल्या आहेत. बारावी माझ्या नावाची आहे. ती माझे पती श्री. टिकेश्वर यांनी केली आहे.

२. हे पहिल्यांदा घडलेले नाही. दोन वर्षे सभेला तेच जातात, माझ्या नावाच्या पाटीमागे तेच बसतात. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून उमेदवारी माझी, बाकी सगळे त्यांचे. एकदा विचारले, तर म्हणाले, "अगं, तू बाळाचं बघ. सही म्हणजे काय डोंगर उचलायचाय?" ते वाईट मनुष्य नाहीत, मुलीला तेल लावून अंघोळ तेच घालतात. आणि मलाही ते सोयीचे होते, हे लपवत नाही. घरबसल्या मी नगरसेविका होते, लोक 'पार्षद दीदी' म्हणत, ते मला आवडे.

३. अध्यक्षांवर मुख्य आरोप बंधवा तलाव अर्धा बुजवून तिथे गाळे काढल्याचा आहे. तो ठराव आठ विरुद्ध सात मतांनी झाला. नोंदवहीप्रमाणे त्या दिवशी श्रीमती खेमेश्वरी देवांगन हजर होत्या, त्यांनी हात वर केला व "विकासाला उशीर नको" असे उद्गार काढले. महोदय, त्या दिवशी त्याच वेळी मी रुग्णालयात बाळंत होत होते. कागदावर वेळ आहे, अकरा वाजून चाळीस मिनिटे. उद्गार मीही काढत होते, पण ते वेगळे होते.

४. मातीचे डंपर आले तेव्हा वॉर्डातल्या बायका कार्यालयात गेल्या. बाबूंनी नोंदवही उघडून माझी सही दाखवली. तशाच त्या धुण्याच्या बादल्या घेऊन माझ्या दारात आल्या. सत्तरीच्या केजाबाई निषाद यांनी निवडणुकीत "आपलीच नोनी आहे, आपलीच पोर" असे सांगत माझ्यासाठी घरोघरी मते मागितली होती. त्या म्हणाल्या, "नोनी, बायकांचा घाट गेला. आता या वयात रस्त्यावरच्या नळाखाली सगळ्यांच्या देखत अंग धुऊ का? आणि त्या दिवशी बाळंत होत होतीस की हात वर करत होतीस, तेवढं तरी सांग." सगळ्या हसल्या. मी मुलीला पाजायचे आहे म्हणून आत गेले. मुलगी झोपलेली होती.

५. आता हवा फिरली, तसे पतीही फिरले आणि मागणीपत्रावर माझी सही करून आले. नोटीस आल्यापासून ते मला माझी सही शिकवत आहेत, कारण दोन वर्षांच्या कागदांवर त्यांच्याच वळणाची आहे. "शेवटी जरा झोकात ओढ. कमाल आहे, स्वतःची सही जमत नाही तुला?" हाताशी कागद नव्हता म्हणून सराव लसीकरण कार्डाच्या पाठीवर केला. एकोणतीस सह्या आहेत, त्यात माझी एकही नाही. कार्ड पाहून कृपया परत द्यावे, चौदा तारखेला डोस आहे.

६. गप्प राहिले तर अध्यक्ष जातील आणि उरलेला तलाव कदाचित वाचेल, हे मला दिसते. पण ही सही माझी म्हटली, तर ठरावावरचीही माझीच ठरते. तरी मागणीपत्रावरची सही खोटी धरावी आणि या अर्जाखालची, नियमात बसत असल्यास, बारावी म्हणून मोजावी. अध्यक्ष जावेत, हे माझे स्वतःचे मत आहे. नियमात बसत नसेल, तर अकराच उरतील आणि अध्यक्ष राहतील. तसे झाल्यास रस्त्यावरच्या नळावर जाऊन बायकांना मीच सांगेन. केजाबाईंना ते पुन्हा बाबूंकडून कळू नये.

७. ठरावाच्या चौकशीत पहिले नाव माझे घालावे. तसेच, अध्यक्षांना परत बोलावता येते, पण वॉर्डाने नगरसेविकेला कसे परत बोलवावे, असे बाबूंना विचारले. ते म्हणाले, "तशी सोयच नाही, दीदी. निश्चिंत राहा." मी निश्चिंत नाही. सोय असल्यास कळवावे.

८. हा अर्ज मी पतींना वाचून दाखवला. "माझं नाव घालायलाच हवं का?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. मग उठून त्यांनी मुलीला माझ्या मांडीवरून उचलून घेतले, माझा हात मोकळा व्हावा म्हणून.

आजवर गप्प राहिलेली, आपली नम्र,

(स्वहस्ते)
खेमेश्वरी देवांगन
नगरसेविका, वॉर्ड क्र. ९, कोसमडीह
मंगळवार, ११ फेब्रुवारी