दुसऱ्याच्या हातचा ओटा

काशुएइरो,
१२ ऑगस्ट

चि. एवाल्दो,

दिर्सेताईचा आशीर्वाद. रागात असलास तरी घे, भावाला तो रुसवा काढून मग द्यायचा असं काही नसतं. फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मारिल्झाच्या हाती देतेय. बायकोच्या हातचं तरी टाकून देणार नाहीस.

इकडे सगळं चाललंय म्हणायचं. ओटा अजून बसलेला नाही. विटांवर फळी टाकून खाणीतल्या लोकांचे डबे भरते. वाकून वाकून कंबर कामातून गेली. परवा काळ्या घेवड्याची आमटी फळीवरून सांडली, ती पुसताना रडूच आलं. आमटीसाठी नव्हे रे, नुसती दमले होते. मांजराचं मात्र फावलं.

गल्लीला अजून आपलाच विषय पुरतोय. पावाच्या दुकानात शेजारची झेउनी मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सख्खा भाऊ गावातला एक नंबरचा दगडकारागीर, आणि ही ओटा बसवायला बाई आणते कास्तेलोहून! काखेत कळसा नि गावाला वळसा." मी पाव घेतला आणि घरी आले.

ही कास्तेलोची नेइव्हा मला कुठे सापडली, ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तिने बसवलेले ओटे बघून आले. सांध्यावर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. पण खरं म्हणजे मी सांधे बघायला गेलेच नव्हते, तिचं दुकान बघायला गेले होते. तिथे दगड फक्त पाण्याखाली कापतात. खाली सगळा चिखल, पण हवा स्वच्छ. गिऱ्हाइकाच्या दारात ती मशीन लावत नाही. माप चुकलं तर दगड परत नेते आणि पाण्याखाली कापून पुन्हा आणते.

ती ओटा बसवायला आली त्या दिवशी तेच झालं. तुझ्या बाजूने तुला सगळं ठाऊक आहे, आता माझ्या बाजूने ऐक. भिंत वाकडी निघाली, काळी लादी बोटभर अडली. नेइव्हा आपल्या माणसांना म्हणाली, "चला, घाला परत गाडीत." आणि नेमका तेव्हाच तू आलास.

"बोटभरासाठी दगडाची वरात काढताय? ताई, माझा ग्राइंडर आणलाय. दोन मिनिटांचं काम."

"दादा, मी दारात कोरडं कापू देत नाही," ती म्हणाली.

"तुम्ही कशाला कापताय? तुम्ही कॉफी प्या."

गल्ली हसली. एरवी मीही हसले असते. तुझ्या जिभेपुढे कुणाचं चाललंय?

मशीन सुरू झालं, पांढरी धूळ उडाली आणि तू थांबलास. गुडघ्यावर हात टेकलेस. लोकांना वाटलं, रेघ बघतोय. मला मशीनच्या घरघरीतही तो आवाज ऐकू आला. बाबा शेवटी शेवटी श्वास आत ओढायचे, तेव्हा यायचा तो. मी वायर उपटली.

"चारचौघांत लाज काढलीस माझी," तू म्हणालास. एवढं म्हणायला तुला मध्ये थांबावं लागलं.

हो, काढली. पुन्हा मशीन हातात घेतलंस तर पुन्हा काढीन.

मारिल्झाला बोलू नकोस, मीच तिला खोदून खोदून विचारलं. तू आडवा होत नाहीस, खुर्चीत उशी घेऊन बसून झोपतोस आणि पोरांना सांगतोस की पाठ दुखते. बाबाही आम्हाला पाठच सांगायचे. तू लहान होतास. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडावर धरून मला दाखवला. जन्मभर कापलेल्या दगडाची धूळ आत जाऊन बसली होती. करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

तुझ्या हाताला मी नावं ठेवलेली नाहीत. माझ्या ओट्यापायी तुझ्या छातीत आणखी चिमूटभर धूळ जाऊ नये, म्हणून परकी बाई आणली. हे तुला तोंडावर सांगायला घाबरले. बोलले की खरं होईल, असं वाटत राहिलं.

मंगळवारी सकाळी तुझ्या छातीचा फोटो काढायचा आहे, मी वेळ घेतली आहे. नेइव्हाला पाण्यावरच्या मशीनसाठी जाणता माणूस हवाय. तू तिच्याशी रोज भांडशील हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय. ते पुढचं पुढे बघू.

शिव्या दे, वाटेत एक शब्द बोलू नकोस, पण ये. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. आईला मी पोचवलं, बाबांना मी पोचवलं. आता माझ्यात त्राण नाही रे एवाल्दो. या घरातली थोरली मी आहे. आधी जायचा मान माझा, आणि तो मी तुला देणार नाही.

तुझीच,
दिर्सेताई