मी हयात असल्याबाबत

१८ ऑक्टोबर
आधी घरच्यांची हजेरी. शालूचे गुडघे : दुखतात, पण तोंड चालू, म्हणजे काळजी नाही. लेक दर्शनाचा खोकला : घोडबंदरच्या धुळीचा, जायचा नाही. नात करिश्मा : नर्सिंगच्या अभ्यासाने वाळली. मित्र रामा : मोतीबिंदू पिकला. मी : ठणठणीत.

दुपारी आमच्या जलमंडळाचं पत्र. रिटायर होताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतलेले. त्यापायीची कपात पंधरा वर्षांनी थांबायची, ती कॉम्प्युटरच्या चुकीने दहा वर्षांनीच थांबली. जादा गेलेले पावणेदोन लाख हप्त्याने परत करा म्हणतात.

चूक कसली? तीन वर्षांपूर्वी पेन्शन वाढली ती माझ्या अर्जामुळे. शहाडची मेन लाइन फुटली तेव्हा गळाभर पाण्यात उभं राहून वॉल्व्ह कोणी बंद केला, ते साहेबांना चार पानं लिहून कळवलेलं. पुढच्याच महिन्यात वाढ. आख्ख्या आळीत पेढे वाटलेले. ते आता परत मागू?

२१ ऑक्टोबर
शालूला सांगितलं, पत्र जनगणनेचं आहे. पटलं. जनगणनेत हप्ते कशाचे, एवढंच विचारलं.
करिश्माची फी वाढीव पेन्शनमधून जाते. पुढची डिसेंबरात. आजा बसलाय, तू पुस्तकातून मान काढू नको, असा शब्द दिलेला. उद्यापासून काटकसर. चहात साखर बंद.

२२ ऑक्टोबर
साखर चालू. चक्कर आल्यासारखं वाटलं.

३ नोव्हेंबर
डोकं चाललं! नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. पेन्शनर जिवंत आहे हे दरवर्षी जाऊन दाखवायचं. मी गेलोच नाही तर? माणूसच नाही, तर वसुली कोणाकडून? थकतील, फाइल बंद करतील, मग मार्चमध्ये हजर होऊ. वकिलालाही सुचलं नसतं.
रामा दाखला द्यायला कल्याणच्या ऑफिसात चाललेला. बजावलं, माझ्याबद्दल विचारलं तर खोटं बोलू नको, नुसती मान खाली घाल. म्हणाला, धाकू, तुझं डोकं उलट्या आट्याचं. जळतो.

१५ नोव्हेंबर
करिश्मा आलेली. बीपी मोजलं. टेन्शन कसलं, म्हणाली. म्हटलं, तुझं मशीन बिघडलंय. तिने दुसऱ्या हातावर मोजलं. पोरीचा हात हलका आहे. हिचं शिक्षण माझ्यामुळे थांबलं तर तोंड कुठे लपवू?

१ डिसेंबर
पेन्शन जमा नाही. योजना लागू पडली. फक्त फीचं बघायला हवं.

४ डिसेंबर
ऑफिसचा फोन. शालूने स्पीकरवर घेतला, मी शेजारी मटार सोलत. पलीकडची बाई हळू आवाजात म्हणाली, धाकूकाकांचं कळलं, वाईट झालं. रामाने मान इतकी मनापासून खाली घातली की त्यांनी फाइलवर 'मयत' लिहिलं. पुढे म्हणाली, आता मृत्यूचा दाखला आणा, तुमची फॅमिली पेन्शन सुरू करू, वसुली त्यातून कापू.
म्हणजे मेल्यावरही सुटका नाही.
शालूने फोन ठेवला. म्हणाली, "तुमी जित्ते हाव का मेले, येकदा ठरवा. मंग किती भाकऱ्या थापायच्या तां बघते."
पत्र तिने आल्या दिवशीच वाचलेलं. माझ्या कामावर खूश होऊन कोणी पैसे वाढवील, हे तिला कधीच पटलं नव्हतं. म्हणून फी भागून उरेल ते ती भिशीत टाकत आलेली.

५ डिसेंबर
शालूने भिशी उचलली, फी भरली. घरखर्च वेळेवर तिच्या हातात देण्याची माझी शिस्त कामी आली.
मग कल्याण. मला बघून बाई खुर्चीतून उठल्याच. वॉल्व्ह फिरवून फिरवून अंगठा गुळगुळीत, मशीनने ओळखलं नाही. म्हणाल्या, काका, मशीन नाही म्हणतंय, फाइलही नाही म्हणतेय, तुम्ही अर्ज द्या. आणि हप्ते? ते लागूच.
जाता जाता माझ्या चार पानी अर्जाचं विचारलं. फाइलमध्ये सापडला. पाकीट फोडलेलंच नव्हतं.
तिथेच बाकावर बसून नवा लिहिला. एकच पान :
'मा. साहेब, आपली व घरच्यांची तब्येत बरी असेल. इकडे शालूचे गुडघे तसेच. मी हयात आहे असं मला वाटतं. आपण खात्री करून तसं मला लवकर लिहून कळवावं. वाट बघतो.'